तान्नेके आत्याची खिडकी

भिंतीच्या भांडणाचा निवाडा करायला पंच गुरुवारी सकाळी येणार असं ठरलं, तेव्हा वोल्फर्टने बुधवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवायला म्हणजे ऐकायला, हे आलाइडाला पुरतं ठाऊक होतं. तिच्या पाठच्या या भावाने उगीच कुणाला घास घातल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आज वाटाण्याच्या दाट सारात मांसाचे तुकडे चांगले मोठे होते.

"घे ताई, घे. लाजतेस काय? घर तुझंच आहे."

"हे घर तुझंय, दादा," गिलिस म्हणाला. तो शेंडेफळ, विणकर, आणि तोंडाचा फटकळ. "तिचं घर तू अजून बांधायचाय. म्हणून तर हे मोठे तुकडे."

वोल्फर्ट हसला. त्याला हसता येत होतं, कारण गिलिसच्या बोलण्याने त्याचं आजवर काही अडलं नव्हतं.

बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. घरामागची बाग वोल्फर्टच्या वाट्याला आली होती. बाग म्हणजे दोन नासपतीची झाडं, कोबीचे वाफे आणि कपडे वाळत घालायची दोरी. पण लायडनमध्ये आताशा बागेला बाग कुणी म्हणत नव्हतं. लढायांनी उजाड झालेल्या मुलखांतून विणकरांची कुटुंबंच्या कुटुंबं वेशीतून आत येत होती, आणि तटाच्या आत जमीन होती तेवढीच होती. माणसं माळ्यांवर झोपत, जिन्याखाली झोपत. मग ज्याच्या घरामागे मोकळी जागा, तो तिथे घरं बांधी. खाली एक खोली, वर एक माळा, आणि ये-जा करायला रस्त्यावरच्या दोन घरांमधून एक बोळ. सुतारकीतून बांधकामात शिरलेल्या वोल्फर्टने नासपती तोडून सहा घरांची ओळ आखली. पाच उभी राहिली, त्यांत माणसंही राहायला आली.

सहावं घर तान्नेके आत्याच्या भिंतीला टेकणार होतं. त्या बाजूला वेगळी भिंत घालायचीच नव्हती, आत्याची भिंत वापरायची होती. तेवढ्या विटा वाचणार होत्या आणि तेवढी जागाही. पण आत्याच्या त्या भिंतीत एक खिडकी होती.

हे सहावं घर आलाइडाच्या मुलीला, कातेलाइनला मिळायचं होतं. तिचं लग्न योरिसशी ठरून दीड वर्ष झालं होतं. योरिस कापडाची लव कातरणारा सज्जन मुलगा, पण त्याच्या घरच्यांचं एकच म्हणणं, आधी छप्पर, मग चर्च. आलाइडा विधवा. तिच्याकडे एक खोली आणि शिवणकाम. छप्पर कुठून आणणार?

"कायदा साधा आहे," वोल्फर्ट पाव मोडत म्हणाला. "खिडकी पिढीजात असेल तर शेजाऱ्याला बुजवता येत नाही. नंतर कधीतरी शेजाऱ्याच्या मेहेरबानीने पाडलेली असेल, तर मेहेरबानी संपली की खिडकी संपली. ही खिडकी बाबांनी आत्याला प्लेगच्या साली पाडू दिली. हवा खेळावी म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?" गिलिसने विचारलं.

"मला आठवतंय."

"प्लेगच्या साली तू डेल्फ्टला सुतारकी शिकत होतास."

"मग तुला आठवतंय का? तू तर शेंबडा होतास."

गिलिसने चमचा खाली ठेवला. "आजोबा फ्लँडर्सहून आले तेव्हा आठ माणसं एका खोलीत राहायची. खिडकी नव्हती. हे आपण लहानपणी किती वेळा ऐकलं? आता आपणच तसल्या खोल्या बांधतोय, आणि वर आत्याचाही उजेड काढून घेतोय."

"मग त्या लोकांनी काय गवतात झोपावं? तू देतोस तुझा माळा?" वोल्फर्टचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुझा माग ज्या घरात आहे ना गिलिस, ते ओळीतलं तिसरं घर. ते कुणी बांधलं?"

गिलिसने चमचा पुन्हा उचलला. त्याची बायको पोटुशी होती.

लिसबेत, वोल्फर्टची बायको, जिरं घातलेल्या चीजच्या फोडी करत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "आत्याबाईंचं वय झालं. त्यांना मी म्हटलं होतं, आमच्याकडे राहायला या. चुलीजवळची जागा देते. पण नाही. त्यांना ती पोरंच हवीत."

"ती पोरं" म्हणजे आत्याची शाळा. विणकरांची लहान मुलं, आईबाप मागावर बसलेले असताना आत्याच्या मागच्या खोलीत बसत. अक्षरं, प्रार्थना, मुलींना सुयांवरचं विणकाम. कुणी आठवड्याला काहीतरी हातावर ठेवी, कुणी नुसताच कोबी आणून देई. त्या खोलीला उजेड एकाच खिडकीतून येत होता.

"प्रश्न ताईला विचारतील," वोल्फर्ट आता थेट आलाइडाकडे वळला. "जुने शेजारी सगळे गेले. मी आणि आत्या, दोघं पक्षकार. आमचा शब्द धरत नाहीत. तू तिथे शिकलीस, आणि गल्लीत तुझ्या शब्दाला मान आहे. मी तुला खोटं बोल म्हणत नाही, ताई. देवाशपथ. फक्त आठवत नाही म्हण. चाळिशीच्या बाईला लहानपणची खिडकी आठवली नाही, तर देव काय डोळे वटारणार आहे?"

तेवढ्यात कातेलाइन ताकाचा लोटा घेऊन आत आली. तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर इतकी धडधडीत आशा होती, की आलाइडाने मान खाली घातली आणि सारातला मोठा तुकडा खाल्ला.

*

पंच दोघे होते, काळ्या कपड्यांतले, एक जाडा आणि एक सर्दी झालेला. शहरात दर आठवड्याला अशा भिंतींची भांडणं निघत. कुणाच्या पागोळीचं पाणी कुणाच्या दारात, कुणाचा संडास कुणाच्या विहिरीला लागून. दोघे कंटाळलेले होते, पण कामात चोख होते. आधी त्यांनी दोरी धरून ओळ पाहिली. मग आत्याच्या भिंतीच्या विटांवर नखं फिरवून पाहिली. खिडकीची चौकट मागे कधीतरी बदललेली होती, त्यामुळे लाकडावरून काही कळेना.

आत्या दारात उभी होती. पांढरी टोपी कडक इस्त्रीची, हातात विणकाम. शाळेतल्या मुलांना तिने तासाभरासाठी बाहेर सोडलं होतं, तरी दोन-चार चेहरे बोळाच्या तोंडाशी दिसत होते. शेजारच्या पाच घरांच्या उंबऱ्यांवर नवे भाडेकरू उभे होते. बहुतेक वलून, दक्षिणेकडून आलेले, फ्रेंचसारखं बोलणारे. पंचांची भाषा त्यांना कळत नव्हती, पण घराचं भांडण कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

"बाई, तुमचं म्हणणं?" जाड्याने विचारलं.

"मी या घरात लग्न करून आले तेव्हा खिडकी होती."

"साक्षीदार?"

"होते. चर्चच्या अंगणात निजलेत. उठवता आले तर बघा."

सर्दीवाला शिंकला. बहुधा हसू लपवायला.

"ही माझी भाची," आत्या म्हणाली. "खिडकीखालच्या बाकावर हिने अक्षरं गिरवली. हिला विचारा. ही खोटं बोलायची नाही."

हे वाक्य आत्याने टोमणा म्हणून टाकलं असतं, तर आलाइडाला सोसलं असतं. पण ते तिने साधेपणाने म्हटलं होतं, जसं ती पालकांना म्हणे, तुमच्या मुलीला बेरीज येते.

जाड्या पंचाने आलाइडाला पुढे बोलावलं. तिने दोन बोटं वर केली. शपथ म्हटली. चिखलात तिच्या लाकडी जोड्यांचा आवाज झाला तेवढाही तिला नको वाटला.

"तुम्ही या बाईंकडे शिकायला होता तेव्हा वय काय होतं?"

"सहा. आठ वर्षांची होईपर्यंत."

"तेव्हा ही खिडकी होती?"

आणि तिला सगळं दिसलं. चौकटीच्या खालच्या काचेतला बुडबुडा. तो पानावर पडला की अक्षर पोटुशी बाईसारखं फुगे, आणि ती हसे. नासपतीची फांदी. वाऱ्याने हलली की ओळीवर सावली फिरे आणि आत्या म्हणे, "थांब, तिला वाचू दे, मग तू वाच." हे सगळं इतकं लख्ख होतं, की तिला वाटलं समोरच्या पंचालाही ते दिसत असेल. मागे वोल्फर्ट खाकरला नाही. कातेलाइन बोळाशी, योरिसच्या शेजारी उभी होती. त्याने आज सुट्टी घेतली होती.

"आठवत नाही," आलाइडा म्हणाली.

"नीट आठवा. होती की नव्हती?"

"लहान होते मी. आठवत नाही."

सर्दीवाल्या पंचाने आत्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत शंका होती. तो बहुधा आणखी खोदणार होता. तेवढ्यात आत्याच बोलली.

"खरं बोलतेय ती," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "ही मान वर करायची नाही, साहेब. बाकीची पोरं चिमण्या बघायची. ही आपली पुस्तकात. तिला खिडकी कुठून आठवणार? माझंच चुकलं, हिला पुढे केलं."

विणकामाची सुई तिने लोकरीच्या गुंडीत खुपसली आणि ती आत गेली.

पंचांनी वोल्फर्टच्या बाजूने निकाल दिला.

*

दुपारी वोल्फर्टकडे बिअरचं पिंप फोडलं. गवंड्यांनाही बोलावलं होतं. चुन्याचे हात पुसत ते बाकावर बसले. वोल्फर्टने ताईच्या नावाने पेला उचलला, आणि सगळ्यांनी उचलला. आलाइडाने भांडी घासायला घेतली. घासलेली भांडीही पुन्हा घासली.

गिलिस आला नाही. त्याने बायकोला पाठवलं होतं. ती एका कोपऱ्यात बसून, कुणाशी न बोलता, वाफाळता केक खात होती.

कातेलाइन मागून आली आणि आईच्या कमरेला तिने मिठी मारली. "आई, भिंतीतलं झोपायचं कपाट चुलीच्या बाजूला घेऊ या की जिन्याच्या? योरिस म्हणतो जिन्याच्या. तिथे ओल धरत नाही."

"योरिसचं ऐक."

"आई?"

"हं."

"तुला खरंच आठवत नाही?"

पोरगी हे हसत विचारत होती. तिला नाही हेच उत्तर हवं होतं, आणि ते पटकन हवं होतं. आलाइडाने हातातलं पातेलं तिच्याकडे दिलं. "पूस ते. आणि पाहुण्यांना चीज दे."

कातेलाइन गेली. मग लिसबेत आली, तिच्या शेजारी उभी राहिली आणि पाण्यात हात घातला. दोघी नणंद-भावजयांचं आजवर कधी जमलं नव्हतं. लिसबेतला आलाइडा गर्विष्ठ वाटे, आलाइडाला लिसबेत हावरी. बराच वेळ दोघी घासत राहिल्या.

"आत्याबाईंना चुलीजवळची जागा देते म्हटलं, ते मी मनापासून म्हटलं होतं," लिसबेत म्हणाली.

"माहीत आहे."

"तरी यांचंच जिंकावं असं मला वाटत होतं. घराची ओळ पुरी व्हावी." तिने ओला हात पदरासारख्या टांगलेल्या फडक्याला पुसला. मग हळू म्हणाली, "पण मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल. मी कालच यांना म्हटलं, ताई बोलणार, तुम्ही सहावं घर विसरा. त्यावर हे पण गप्प बसले. यांनाही तसंच वाटत होतं."

आलाइडाच्या हातातून ताटली निसटली, पण फुटली नाही, नुसती पाण्यात बुडाली. म्हणजे जो मागत होता त्यालाही ती देणार नाही असा भरवसा होता. तिच्यावरच्या त्या भरवशाच्या भिंतीला टेकूनच तर वोल्फर्ट मागू शकला होता. ती मात्र पहिल्याच धक्क्याला बाजूला झाली होती.

"बोलायचं होतं," आलाइडा म्हणाली.

"मग?" लिसबेतने विचारलं.

आलाइडा पाण्यात बुडालेली ताटली चाचपत राहिली. लिसबेतने उत्तराची वाट पाहिली नाही.

*

विटांचं काम पुढच्या सोमवारी सुरू झालं. दोन दिवस आलाइडा त्या गल्लीकडे फिरकली नाही. बुधवारी ब्रेड घेऊन गेली. घरात कुणी आजारी असल्यासारखं, ब्रेडच्या निमित्ताने. आत्याने दार उघडलं, ब्रेड घेतला आणि म्हणाली, "आत ये. वारा येतो, दार उघडं ठेवू नकोस."

बस्स. एवढंच. रुसवा नाही, अबोला नाही. त्याहून कठीण काही आलाइडाच्या वाट्याला त्या आठवड्यात आलं नव्हतं.

मागच्या खोलीत मुलं वाचत होती. बाहेर गवंड्यांच्या थाप्यांचा आवाज येत होता. गवंडी बाहेरून खिडकीच्या पोकळीतच विटा रचत होते. खिडकीचा तळ विटांनी बुजला होता, आणि उजेड वरूनच आत सांडत होता. बाकावर बसलेल्या मुलांच्या पाट्यांपर्यंत तो पोहोचत नव्हता. म्हणून मुलं उभी राहिली होती. एक बुटकी मुलगी बाकावरच चढून, लाकडी पाटी डोक्याच्या वर धरून वाचत होती. तिची टाच बाकाच्या कडेवर होती.

"पडशील, येनेके," आत्या म्हणाली.

"पण आजी, अक्षर वर गेलं."

"अक्षर तिथेच आहे. पुन्हा बघ."

"दिसत नाही."

बाहेरून आणखी एक वीट बसली. मुलांनी, कुणी न सांगता, सगळ्यांनी आपापल्या पाट्या थोड्या वर उचलल्या. त्यांना तो खेळ वाटत होता. एकजण हसलाही.

"आजी, भिंत कोण बांधतंय?" येनेकेने विचारलं.

"गवंडी," आत्या म्हणाली. "त्यांचं ते काम आहे. तू तुझं कर. वाच."

आत्याने आलाइडाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. तिने पंचांसमोर जे केलं तेच ती आता पोरांसमोर करत होती. भाचीवर पांघरूण घालत होती, आपल्या जुन्या, कामसू हातांनी, सवयीने. या पांघरुणाखाली आलाइडाला जन्मभर राहता आलं असतं. कातेलाइनचं लग्न झालं असतं, योरिसचं कपाट जिन्याच्या बाजूला बसलं असतं. आणि दर बुधवारी ती ब्रेड आणून देत राहिली असती.

ती उठली, बाकांमधून वाट काढत खिडकीशी गेली आणि गुडघा टेकून चौकटीवर चढली. लाकडी जोडा निसटून खाली पडला. तिने तावदान आत ओढलं, हात बाहेर काढला आणि ओल्या चुन्यावर, जिथे पुढची वीट बसायची होती, तिथे कोपरापर्यंत ठेवला.

गवंडी दचकला. "बाई, हात काढा. चुना आहे. भाजेल."

"वोल्फर्टला बोलाव."

"मालक तिकडे..."

"बोलाव म्हणते ना!"

वोल्फर्ट धावतच आला, लिसबेत त्याच्या मागे. कातेलाइन तिथेच होती. नव्या घराच्या जमिनीवर वाळू पसरायला आली होती, टोपली हातात. पाच घरांची दारं उघडली. तिसऱ्या दारात गिलिस येऊन उभा राहिला, खांद्यावर सूत.

"ताई, हे काय? लोक बघतायत," वोल्फर्ट दबक्या आवाजात म्हणाला. "हात काढ. तुझ्या पोरीचं घर आहे हे."

"खिडकी होती," आलाइडा म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा फार मोठा निघाला. "मी सहा वर्षांची होते तेव्हाही होती. मला त्या दिवशी आठवत होतं. सगळं आठवत होतं, आणि मी आठवत नाही म्हणाले. पंचांना परत बोलाव. त्यांच्यासमोर सांगते. खोट्या शपथेची जी शिक्षा असेल ती मी घेते."

मग दुसऱ्या घराच्या दारातल्या म्हाताऱ्याने शेजारणीला काहीतरी विचारलं, आणि त्या बाईने त्याला हलकेच, त्यांच्या वलून भाषेत, समजावून सांगितलं. आलाइडाला ती भाषा आजीमुळे थोडी येत होती. तिचा गुन्हा तिने पुन्हा एकदा ऐकला, अनोळखी बाईच्या तोंडून, न वाढवता, न कमी करता. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो आत गेला.

वोल्फर्टचा चेहरा लाल झाला होता. रागाने की कशाने, ते तिला कळलं नाही. तो गवंड्याकडे वळला आणि काहीच न बोलता उभा राहिला. गवंड्याने मालकाच्या तोंडाकडे पाहिलं, थोडा वेळ थांबला, मग थाप्याने चुना खरवडून घमेल्यात परत घेऊ लागला.

कातेलाइनने टोपली खाली ठेवली. तिने आईकडे पाहिलं, अगदी नीट, जणू ओळख पटवून घ्यायची होती. मग ती वळली आणि बोळातून बाहेर गेली. आलाइडाने तिला हाक मारली नाही. तिला हाक मारायचा हक्क आता कितपत उरलाय, ते तिला माहीत नव्हतं.

हातावर चुना झोंबायला लागला होता. तरी ती तशीच चौकटीत बसून राहिली. उतरावं तर पाठीमागे मुलं होती, आणि मुलांच्या पाठीमागे आत्या. अर्ध्या गल्लीसमोर बोलणं सोपं होतं. मागे वळणं जमत नव्हतं.

आत्याच्या पावलांचा आवाज जवळ आला. तिने ओलं फडकं आलाइडाच्या मांडीवर टाकलं.

"झालं बोलून?" आत्या म्हणाली. "मग हात पूस आणि खाली उतर. पोरांचा उजेड अडवतेस."